‘थायरॉईड कमी आलाय’: अपघाताच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ४९ वर्षांच्या बाई, राहणार धायरी, घरी शिवणकाम करणाऱ्या. ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय असे काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम जसाच्या तसा आहे.

जुलैतली संध्याकाळ, भुरभुर पाऊस. पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसून बाई घरी निघाल्या होत्या. नवले पुलाच्या अलीकडे मागून आलेल्या टेम्पोने दोघांना उडवलं. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून पुलावर येणारा तो अपघातांचा उतार पुणेकरांना नव्याने सांगायला नको. पुतण्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, त्याचं मनगट मोडण्यावर निभावलं. बाईंच्या डोक्यावर पदर होता.

१०८ च्या गाडीतून त्या आमच्याकडे आल्या तेव्हा नाडी १३८, वरचा रक्तदाब ७६, शुद्ध अर्धवट (ग्लासगो स्कोअर १५ पैकी १०). उजव्या मांडीचं हाड मोडलेलं, डाव्या पाच बरगड्या मोडून आतलं फुप्फुस मुकामार लागून सुजलेलं, प्लीहेला चीर, मेंदूच्या पुढच्या भागात लहानसा रक्तस्राव. इजेची तीव्रता मोजायचा आयएसएस आकडा २७ आला. १५ च्या वर गेला की आम्ही इजा गंभीर धरतो. मानेच्या शेवटच्या मणक्याच्या कडेला बारीक तडा होता, म्हणून मानेला कडक कॉलर. नळी टाकून व्हेंटिलेटर, पहिल्या रात्रीत रक्ताच्या नऊ पिशव्या, रक्तदाबासाठी नॉरॲड्रेनलिन, झटके येऊ नयेत म्हणून फेनिटॉइन. चौथ्या दिवशी मांडीत रॉड बसवला.

पूर्वीचे आजार विचारले तेव्हा दिरांनी सांगितलं, “काही नाही हो. बीपी नाही, शुगर नाही.” फाइलवर ‘विशेष काही नाही’ असं लिहिलं गेलं.

अडचण

पाचव्या दिवशी गुंगीचं औषध बंद केलं. सहाव्या दिवशी रात्रीपर्यंत बाई हाक मारल्यावर डोळे उघडायच्या आणि पुन्हा मिटायच्या. व्हेंटिलेटरचा आधार कमी करून पाहायचा प्रयत्न दोनदा फसला. स्वतःचा श्वास उथळ, कार्बन डायऑक्साइड चढलेला. रात्रपाळीच्या रेसिडेंट मॅडमनी नेहमीच्या तपासण्यांबरोबर थायरॉईडही पाठवून दिला.

सकाळी रिपोर्ट आला. एकूण टी-थ्री ३८ (आमच्या लॅबची मर्यादा ८० ते २००), एकूण टी-फोर ३.६ (५ ते १२), टीएसएच ३.९ (०.४ ते ४.२). टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला कामाला लावायला सोडते ते हॉर्मोन; थायरॉईड कमी पडला की एरवी ते वाढतं.

राउंडला मी पहिलं काय म्हणालो असेन, तर “हे कशाला पाठवलं?” माझं चिडणं पुस्तकाला धरून होतं. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची थायरॉईड तपासणी, थायरॉईडच्याच आजाराची शंका नसेल तर करू नये असा सर्वसाधारण नियम आहे, कारण आकडे बिघडलेले येणार हे आधीच ठाऊक असतं.

ते का बिघडतात हे थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-फोर बनवते. तो एका अर्थाने साठ्यातला माल. यकृत, मूत्रपिंड आणि इतर पेशी त्यातला आयोडिनचा एक अणू काढून टी-थ्री बनवतात आणि खरं काम तो करतो. मोठी इजा झाली की काही तासांतच हे रूपांतर मंदावतं. ते करणारं विकर थंडावतं, आणि टी-फोरपासून निरुपयोगी ‘रिव्हर्स टी-थ्री’ बनवणारं विकर जोर धरतं. रक्तातली वाहक प्रथिनं कमी होतात. इजेमुळे सुटलेली दाहक रसायनं पिट्युटरीला हुकूम देणाऱ्या, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसलाही गप्प करतात, त्यामुळे टी-थ्री कोसळूनही टीएसएच वाढायला हवा तितका वाढत नाही, उलट बऱ्याचदा उतरतो. घरात मोठं आजारपण आलं की आधी वरखर्चाला कात्री लागते, तसं शरीर ऊर्जेचा खर्च आवरतं. इजा जितकी मोठी तितका टी-थ्री खाली. टी-फोरही खूप उतरला तर रुग्णाचं काही खरं नाही असं समजायचं. याला ‘सिक युथायरॉईड’ म्हणतात: ग्रंथी निरोगी, आकडे आजारी.

मग आकडे सुधारायला हॉर्मोन द्यावं का? देऊन पाहिलेलं आहे. १९८२ साली भाजलेल्या रुग्णांना टी-थ्री देऊन पाहिला, मृत्यूदर बदलला नाही. १९८६ च्या एका छोट्या चाचणीत अतिगंभीर रुग्णांना टी-फोर दिला, तिथेही तेच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूत्रपिंडं अचानक निकामी झालेल्या रुग्णांना टी-फोर दिला, तर घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त निघाले. शरीराची ही काटकसर हिताची की अहिताची यावर वाद आहेत, पण आकडा पाहून गोळी सुरू करायची नाही यावर बहुतेकांचं एकमत आहे.

रिपोर्टची लिंक आमच्याआधी दिरांच्या मोबाइलवर पोचली होती. संध्याकाळी नातेवाइकांना भेटायच्या वेळी ते म्हणाले, “डॉक्टर, वहिनींचा थायरॉईड फार कमी आलाय, लाल अक्षरात दिसतोय. आमच्या मिसेसना एवढाही कमी नव्हता तरी गोळी चालू केली होती. इथे का नाही?” मी त्यांना दहा मिनिटं वर लिहिलेलंच सगळं सोप्या भाषेत सांगितलं. त्यांना पटलं. आज ते दृश्य आठवलं की अंगावर येतं: मी समजावतोय, ते मान डोलावताहेत, आणि बाईंचे यजमान बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेत, कारण डॉक्टरांशी बोलायचं काम धाकट्या भावाचं.

सातव्या दिवशी समोर असलेले पर्याय

पहिला, टी-फोर सुरू करणं. दुसरा, टी-थ्री देणं. ते औषध आमच्या फार्मसीत नव्हतं आणि हृदयाची लय बिघडण्याची भीती होती. तिसरा, काहीच न करता आठवड्याने पुन्हा पाहणं. चौथा, डोक्याला मार आहे तर पिट्युटरी ग्रंथीच दुखावली नाही ना हे तपासणं.

चौथा पर्याय गांभीर्याने घेण्यासारखा होता. पिट्युटरी निकामी झाली तर टी-फोर कमी आणि टीएसएच ‘नॉर्मल’ किंवा कमी असंच चित्र दिसतं. शिवाय ती गेली असेल तर ताणाला तोंड द्यायला लागणारं कॉर्टिसॉल हे हॉर्मोनही गेलेलं असू शकतं, आणि तिकडे न बघता थायरॉईडचं औषध दिलं तर रुग्ण आणखी कोसळतो. सकाळचं कॉर्टिसॉल पाठवलं, ते २४ मायक्रोग्रॅम आलं. एवढ्या ताणातल्या शरीराला साजेसं. सोडियम १३६, लघवी प्रमाणात. पिट्युटरी ठीक असावी असं धरून आम्ही तिसरा पर्याय घेतला आणि आठवड्याची वाट पाहायचं ठरवलं.

कागदावर हा निर्णय आजही बरोबर दिसतो. पण एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटली. टी-थ्री ३८ पर्यंत कोसळलेल्या, सहा दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाचा टीएसएच मर्यादेच्या खालच्या टोकाशी किंवा त्याहून खाली असण्याची शक्यता जास्त. इथे तो वरच्या टोकाला चिकटलेला होता. त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं, नॉर्मल टीएसएचही अशा रुग्णांत दिसतो. तरी दाबला गेलेला टीएसएच ३.९ असेल तर न दाबलेला किती असता, हा प्रश्न मनात यायला हवा होता. लॅबच्या कागदावर तो काळ्या अक्षरांत छापला होता, म्हणून माझी नजर लाल आकड्यांवर अडकली. दिरांची अडकली तशीच.

नवव्या दिवशी

पुढचे दोन दिवस वाईट गेले, आणि ठळक असं काहीच न घडता गेले. नाडी ५४ वर, मुक्कामी आल्यासारखी. अंगाचं तापमान ३५.४. पोट फुगलेलं, शौचाला नाही, नाकातल्या नळीतून दिलेलं फीड परत येतंय. सोडियम १२७. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे कारण तयार होतं: पोट फेंटॅनिल या वेदनाशामकामुळे, सोडियम डोक्याच्या मारामुळे, थंडावा एसीमुळे, नाडी मुळातच मंद असेल. चारही कारणं वेगवेगळी, आणि सुटी सुटी पाहिली तर चारही पटण्यासारखी.

नवव्या दिवशी दुपारी गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी करायची ठरली. कानाघशाच्या सर्जननी कॉलर काढली, मान पुसली, दिवा खाली ओढला आणि थांबले. म्हणाले, “हिचं थायरॉईडचं ऑपरेशन झालंय का रे?”

मानेच्या खालच्या घडीत, आडवी, बोटभर लांब, त्वचेच्याच रंगाची रेषा. नीट शिवलेली, जुनी. नऊ दिवस ती कॉलरखाली आणि मुक्या माराच्या निळ्या-पिवळ्या डागाखाली होती. पाठ पुसताना, कॉलर सैल करताना एका सिस्टरना ती दिसली होती. “जुनं होतं सर, म्हणून नाही बोलले,” त्या म्हणाल्या. त्यांना बोल लावण्याचा हक्क मला नव्हता. मी तर कॉलर काढून पाहिलंच नव्हतं.

ट्रॅकिओस्टॉमी होईपर्यंत मी पहिल्या दिवसाचा मानेचा सीटी संगणकावर उघडला. निरोगी थायरॉईड ग्रंथी आयोडिनमुळे सीटीवर पांढरी चमकते, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना पंख पसरल्यासारखी. इथे दोन्ही बाजू रिकाम्या, आणि शस्त्रक्रियेतल्या धातूच्या क्लिपांचे दोन ठिपके. रिपोर्टमध्ये मणक्याच्या तड्याचं अचूक वर्णन होतं. ग्रंथीचा उल्लेख नव्हता, कारण आम्ही विचारलं होतं ते मणक्याचं.

यजमानांना आत बोलावलं. “काकूंना सकाळी उपाशीपोटी काही गोळी असायची का?”

“हो, ती थायरॉईडची. चहाच्या आधी. अकरा वर्षं झाली, गाठी होत्या म्हणून साताऱ्याला ऑपरेशन केलं तेव्हापासून.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, “तुम्ही देताय ना ती? इतकं सगळं देताय, म्हटलं तीही त्यात असेलच.”

तासाभरात ते बाटली घेऊन आले. फ्रिजवर ठेवलेली, शंभर मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांची, झाकणावर मार्करने ‘सकाळ’ लिहिलेलं. दिरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी ते नोकरीनिमित्त बाहेरगावी होते. घरच्यांच्या हिशेबात बीपी आणि शुगर हे आजार, त्यांच्या गोळ्या म्हणजे औषध. थायरॉईडची गोळी दात घासण्यासारखी रोजची, ती यादीत येतच नाही.

निर्णय आणि उपचार

संध्याकाळचा रिपोर्ट: टीएसएच १६.८, फ्री टी-फोर (म्हणजे वाहक प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा टी-फोर) ०.४ (०.८ ते १.८). रक्त पातळ ठेवायचं हेपॅरिनच्या जातीचं इंजेक्शन चालू असताना फ्री टी-फोर तपासणीत खोटा वाढलेला दिसू शकतो, म्हणजे खरा आकडा याहूनही कमी असण्याची शक्यता होती.

एरवी या टीएसएचनेही आम्हाला चकवलं असतं. गंभीर आजारातून माणूस सावरू लागला की दबलेला टीएसएच उसळी घेतो, काही दिवस २० पर्यंतही जातो आणि आपोआप उतरतो. त्यामुळे १६.८ पाहून ‘बाई बऱ्या होताहेत’ असंही कुणी म्हणू शकलं असतं. पण बाई बऱ्या होत नव्हत्या. आणि आता ग्रंथीच नाही हे कळलं होतं. टी-फोरचं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं असल्याने दोन-चार गोळ्या चुकल्या तर एरवी बिघडत नाही. इथे आठ चुकल्या होत्या; त्यात पहिल्या रात्रीचा रक्तस्राव, उतरलेली प्रथिनं आणि टी-फोर लवकर संपवणारं फेनिटॉइन.

हॉर्मोनचे तज्ज्ञ, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, रात्री आठला आले. तीन गोष्टींवर खल झाला.

स्टेरॉइड द्यायचं का? मिक्सीडिमा कोमाच्या, म्हणजे थायरॉईड अतिशय कमी पडल्याने येणाऱ्या बेशुद्धीच्या, उंबरठ्यावरच्या रुग्णाला थायरॉईडच्या आधी हायड्रोकॉर्टिसोन द्यायची पद्धत आहे. न्यूरोसर्जन नाखूश होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून जास्त रुग्णांच्या क्रॅश चाचणीत डोक्याला मार लागलेल्यांना स्टेरॉइड दिल्याने मृत्यू वाढले होते. तो डोस आमच्यापेक्षा कितीतरी मोठा आणि औषध वेगळं, पण त्यांची धास्ती निराधार नव्हती. तडजोड अशी झाली की कॉर्टिसॉल पुन्हा पाठवायचं आणि रिपोर्टसाठी चार तास थांबायचं. ते १९ आलं. स्टेरॉइड दिलं नाही.

औषध कोणत्या वाटेने? शिरेतून द्यायचं इंजेक्शन आमच्याकडे नव्हतं, शहरात शोधाशोध सुरू केली. तोवर नाकातल्या नळीतून, हे मला फारसं पटत नव्हतं. फुगलेलं पोट गोळी शोषून घेईल याचा काय भरवसा? पण इंजेक्शनची वाट बघत आणखी एक दिवस घालवणं त्याहून वाईट. नळीतून मोठा पहिला डोस देऊन रुग्ण सावरल्याचा अनुभव आपल्याकडच्या डॉक्टरांना आहे, हे एंडोक्रायनॉलॉजिस्टांचं म्हणणं निर्णायक ठरलं.

डोस किती? कोम्यात गेलेल्या रुग्णाला पहिल्या दिवशी २०० ते ४०० मायक्रोग्रॅम शिरेतून देतात. बाई पूर्ण कोम्यात नव्हत्या, आणि छातीला मोठा मार असल्याने हृदय कितपत साथ देईल ही शंका होती. ईसीजी सतत डोळ्यांसमोर ठेवून मध्यरात्री नळीतून २०० दिले, दुसऱ्या दिवसापासून १२५. सिस्टरनी गोळी कुटून पाण्यात विरघळवली, आधी एक तास आणि नंतर एक तास फीड बंद. लोह आणि कॅल्शियम चार तास लांब नेलं, नाहीतर ती दोन्ही थायरॉक्सिनला, म्हणजे टी-फोरला, आतड्यातच धरून ठेवतात. फेनिटॉइनचे सात दिवस होऊन गेले होते, तेही थांबवलं. थायरॉईड काढलेल्यांच्या शेजारच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथीही कधीकधी दुखावलेल्या असतात, म्हणून कॅल्शियम पाहिलं. ठीक होतं. इंजेक्शन तिसऱ्या दिवशी मिळालं. तोवर पोट उतरलं होतं, वापरावं लागलं नाही.

परिणाम

गोळी सुरू केल्यापासून तिसऱ्या दिवशी शौचाला झालं. आयसीयूत या बातमीला किती मान असतो हे बाहेरच्यांना सांगून पटणार नाही. पाचव्या दिवसापर्यंत नाडी सत्तरच्या घरात, सोडियम १३४. अपघातानंतर एकोणिसाव्या दिवशी व्हेंटिलेटर सुटला, चौतिसाव्या दिवशी बाई वॉकर घेऊन घरी गेल्या.

हे सगळं थायरॉक्सिनमुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्याच दिवसांत फुप्फुसाची सूज उतरत होती, फेंटॅनिल बंद झालं होतं, ट्रॅकिओस्टॉमीमुळे श्वासाला सोपं झालं होतं. गोळी पहिल्या दिवसापासून चालू असती तर किती दिवस वाचले असते, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. घरच्यांना मात्र मी दुसऱ्याच दिवशी समोर बसवून सांगितलं की रोजची गोळी आमच्याकडून राहून गेली. दीर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी विचारलं होतं तुम्हाला.” त्यांनी विचारलं होतं, हे खरं. माझं तेव्हाचं उत्तर शास्त्राला धरून होतं, पण ते निरोगी ग्रंथीच्या रुग्णासाठी होतं.

वेगळं काय करता आलं असतं

‘काही आजार आहे का’ हा प्रश्न आमच्याकडच्या फॉर्मवर अजूनही आहे, पण त्याखाली आता दुसरा आहे: ‘सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कोणकोणत्या गोळ्या घेतात? घरातल्या सगळ्या बाटल्या आणि पाकिटं घेऊन या.’ हा प्रश्न पहिल्या रात्री विचारून उपयोग नसतो, तेव्हा नातेवाईक भांबावलेले असतात आणि समोर कोण उभं असेल त्याचा नेम नसतो. म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा, आणि रुग्णाबरोबर एका छताखाली राहणाऱ्या माणसालाच विचारायचा.

दुसऱ्या दिवशी रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा तपासायचं, हा ट्रॉमाचा जुना नियम. आम्ही तपासलं होतं, कॉलर सोडून. आता दोघांनी मान धरून कॉलर उघडायची आणि मानेची पुढची बाजू फाइलवर लिहायची असं ठरलंय.

थायरॉईडची तपासणी सरसकट सगळ्यांची करावी का, यावर आमच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. माझं मत अजूनही ‘नाही’ असंच आहे. दर गंभीर रुग्णाचा टी-थ्री कमीच येणार, मग कुणीतरी तो सुधारायला जाणार. पण सुस्ती, मंद नाडी, थंड अंग, उतरतं सोडियम, न हलणारं पोट आणि न सुटणारा व्हेंटिलेटर यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तपासणी करायचीच, आणि वाचताना टी-थ्रीच्या आधी टीएसएच वाचायचा. रेसिडेंट मॅडमना मी त्याच बैठकीत सांगितलं की तपासणी पाठवण्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, “मग रिपोर्ट वाचताना चुकलं का सर?” मी हो म्हणालो.

तीन महिन्यांनी बाई ओपीडीत आल्या. टीएसएच ३.१, टी-थ्री ११०, डोस पुन्हा १००. रक्तवाढीची लोहाची गोळी त्या सकाळच्या चहाबरोबर घेत होत्या, ती रात्रीवर ढकलली. कॉलर केव्हाच सुटली होती. ट्रॅकिओस्टॉमीचा नवा व्रण जुन्या रेषेला मधोमध छेदत होता, आणि त्यावर कोणतं मलम लावू, असं त्या विचारत होत्या.